आजचं चिंतन (गीता ७.११): डोकं राहुरीला, काया कायगावला



काल सातव्या अध्यायातला दहावा श्लोक झाला. म्हणजे आज अकरावा. खरं सांगतो, हा श्लोक मला टाळायचा होता. सरळ बारावा घेतला असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण रोज एक श्लोक, क्रमाने, न गाळता, हा नियम मीच घालून घेतलाय. आणि गेल्या शनिवारी रात्री एक फोन आला, त्यानंतर तर टाळायला तोंडच राहिलं नाही.

फोन माझ्या मावसभावाचा. वय २४, पुण्यात नोकरी, वाकडला पीजीमध्ये राहतो. त्याची परवानगी घेऊनच लिहितोय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

"दादा, तू रोज गीतेवर लिहितोस म्हणून तुला विचारतो. मावशीला सांगू नकोस."

एका डेटिंग ॲपवर एका मुलीशी ओळख झाली. दोनदा कॉफी झाली. तिसऱ्या वेळी तो तिच्या फ्लॅटवर गेला आणि सकाळी परत आला. दोघांचं आधीच ठरलं होतं की हे कॅज्युअल आहे, नंतर कुणी कुणाकडून काही अपेक्षा ठेवायची नाही. जबरदस्ती नाही, खोटं वचन नाही, काळजी घेतलेली. मग चार दिवसांत तिचे दोन मेसेज आले. पहिला, "नीट पोचलास ना?" दुसरा, "बरा आहेस ना?" याने दोन्हींना उत्तर दिलं नाही.

"ठरलं होतं ना आमचं? मग ती मेसेज का करते? आणि ठरल्याप्रमाणेच सगळं झालंय तर मला असं कसंतरी का होतंय? पाप झालं का माझ्याकडून?"

मी म्हटलं, "उद्या बोलू." श्लोक मला पाठ होता. पण या विषयावर बोलायचं तर स्वतःबद्दलही बोलावं लागणार होतं, आणि त्याची तयारी नव्हती. ते पुढे येईलच. आधी श्लोक.

श्लोक काय सांगतो

श्लोकाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात भगवान म्हणतात की बलवानांमधलं जे बळ हाव आणि आसक्ती यांपासून मोकळं आहे, ते बळ मी आहे. दुसऱ्या भागात म्हणतात की सगळ्या जीवांमध्ये धर्माच्या विरोधात न जाणारा जो काम आहे, तोही मीच आहे.

हा दुसरा भाग परत एकदा वाचा. ज्या गीतेत तिसऱ्या अध्यायात कामाला शत्रू म्हटलंय, त्याच गीतेत इथे देव म्हणतो की काम माझं रूप आहे. दहाव्या अध्यायात विभूती सांगताना पुन्हा कंदर्पाचं नाव येतं. म्हणजे वासना मुळात घाण आहे, शरीर म्हणजे चिखल आहे, असं गीता म्हणत नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांना घरात हा विषय एकाच शब्दात शिकवला गेला: "शी!" गीतेने असं उत्तर दिलेलं नाही. तिने एक अट घातली. काम असू दे, पण तो धर्माच्या विरोधात जाणारा नको.

ज्ञानेश्वर माउली या श्लोकावर बोलताना फार सुंदर चित्र उभं करतात. माझ्या शब्दांत सांगायचं तर काम चालतो इंद्रियांच्याच रस्त्याने, पण आडवाटेला जात नाही, कारण नियमाची दिवटी त्याच्या सोबत असते. कामाला कोंडून ठेवा असं ते म्हणत नाहीत. अंधारात चालतोय तर उजेड बरोबर ठेवा, इतकंच.

परंपरेने या अटीचा अर्थ स्पष्ट सांगितलाय: गृहस्थाश्रम, म्हणजे लग्न. मी ते लपवणार नाही आणि गुळमुळीतही करणार नाही. पण मावसभावाला नुसतं "लग्नाआधी नाही म्हणजे नाही" असं सांगितलं असतं, तर त्याने फोन ठेवला असता, आणि मीही त्याच्या वयात ठेवलाच असता. नियम आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तो का आहे, दिवटीच्या उजेडात नेमकं दिसतं काय, हे कुणी सांगत नाही.

मोहिनीराज, राहू आणि आमचा तालुका

मी नेवासा तालुक्यातला. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, माउलींनी ज्या खांबाला टेकून गीतेवर निरूपण केलं तो पैस खांब आमच्याकडे. त्याच नेवाशात मोहिनीराजाचं मंदिर आहे. लहानपणी आजी दर्शनाला न्यायची आणि गोष्ट सांगायची. समुद्रमंथनातून अमृत निघालं, विष्णूने मोहिनीचं रूप घेतलं, देव एका पंगतीत, दैत्य दुसऱ्या. सगळे दैत्य रूप बघण्यात गुंग. एक राहू तेवढा हुशार निघाला. तो वेश बदलून देवांच्या पंगतीत बसला आणि अमृत तोंडात घेतलं. सूर्य-चंद्रांनी ओळखलं, चक्र सुटलं, डोकं वेगळं, धड वेगळं.

आमच्याकडे पुढे सांगतात की राहूचं डोकं पडलं ती राहुरी, आणि काया पडली ते गोदावरीपलीकडचं कायगाव. मधे आमचा नेवासा. एसटीने या बाजूला जाताना आजी दर वेळी सांगायची, "हे डोक्याचं गाव, ते कायेचं गाव."

लहानपणी मला प्रश्न पडायचा की डोकं उडालं तर राहू मेला का नाही? आजी म्हणायची, "अरे, अमृत घशात उतरलं होतं ना! मरणार कसा? पण जगतोय तरी कसा बघ. ग्रहणात चंद्राला गिळतो. पण पोटच नाही, तर गिळलेलं राहणार कुठे? मानेतून बाहेर पडतं. परत भूक."

शनिवारी फोन ठेवल्यावर मला आजीचं हेच बोलणं आठवलं. "नो स्ट्रिंग्स"चा जो करार दोघे करतात, त्यात खरी अट कोणती असते? शरीर आणायचं, डोकं आणि काळीज घरी ठेवून यायचं. काया कायगावला, डोकं राहुरीला. एका रात्रीपुरतं ते जमतंय असं वाटतं. पण माणूस काही दोन गावांत राहू शकत नाही. "नीट पोचलास ना?" हा मेसेज म्हणजे करारभंग नव्हे. तिथे एक अख्खा माणूस होता, एवढीच त्याची खूण आहे. आणि उत्तर न देताना याला जे "कसंतरी" होत होतं, तीही याच्यातल्या अख्ख्या माणसाचीच खूण होती.

आता माझं

मी २७ वर्षांचा होतो. ऑफिसच्या टीमबरोबर दोन दिवसांच्या सहलीला गेलो होतो. तिथे दुसऱ्या टीममधल्या एका मुलीबरोबर एक रात्र. तिचं किंवा जागेचं वर्णन करत नाही, तो माझा हक्क नाही. कुणी कुणाला फसवलं नाही.

सोमवारी कँटीनमध्ये ती समोरून आली, हसली, म्हणाली, "हाय, कसा आहेस?" आणि मी फोनकडे बघत पुढे गेलो. फोनवर काहीच नव्हतं. स्क्रीनही बंद होती.

मी असं का केलं? त्या वेळी स्वतःला सांगितलं की तिच्या मनात उगाच काही येऊ नये म्हणून. म्हणजे मी तिच्या भल्यासाठीच वागलो! प्रत्यक्षात मला भीती वाटत होती की नीट बोललो तर ती माणूस होईल. मग तिला आई-वडील असतील, तिचा दिवस चांगला किंवा वाईट गेलेला असेल, आणि मला त्याचं काहीतरी देणं लागेल. सहा महिन्यांनी तिने नोकरी बदलली. माझ्यामुळे, असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं होईल. पण त्या सहा महिन्यांत मी कँटीनची वेळ बदलली होती, हे मला पक्कं आठवतं.

आज मागे बघतो तेव्हा ती रात्र मला फारशी टोचत नाही. ती बंद स्क्रीन टोचते.

"पण दोघांची मर्जी असेल तर?"

हा प्रश्न मला प्रत्येक सत्संगानंतर कुणीतरी कोपऱ्यात घेऊन विचारतं. तो आजचा नाही. मराठीत तो जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने सगळ्यांत ताकदीने विचारला होता. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, या कामापायी नोकरी गेली, आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं ते १९५३ मध्ये जाईपर्यंत. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' सिनेमा त्यांच्यावरच आहे, जरूर बघा.

कर्वे नास्तिक होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की संबंध मुळात अनैतिक नसतो. रोग पसरू नये, नको असलेलं मूल होऊ नये, कुणावर बळजबरी होऊ नये. एवढं सांभाळलं तर इतरांनी नाक खुपसू नये. आणि हे पुरुषाला जितकं लागू, तितकंच स्त्रीला.

मी कीर्तनं ऐकत वाढलेला माणूस, पण कर्व्यांना मी झटकून टाकू शकत नाही. त्यांनी ज्या तीन गोष्टींवर बोट ठेवलं, त्या तिन्ही धर्माच्याच आहेत. दुसऱ्याला इजा नको ही अहिंसा. बळजबरी नको हेही तेच. आणि स्त्री-पुरुषाला एकच मोजमाप, हे तर आपल्या भजनी मंडळांनी अजून शिकायचंय.

कायदाही आज कर्व्यांच्या बराच जवळ आलाय. दोन सज्ञान, अविवाहित माणसांचा संमतीने आलेला संबंध हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये खुशबू प्रकरणात स्पष्ट केलं. २०१८ मध्ये व्यभिचाराचं ४९७ कलम रद्द झालं. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतलं ६९ वं कलमही माहीत असू द्या. लग्न करायचा हेतू नसताना लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवले, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खोटेपणा हा कायद्यालाही गुन्हा वाटतो.

मग माझं कर्व्यांशी कुठे जमत नाही? माझ्या कँटीनच्या सोमवारी कर्व्यांच्या तिन्ही अटी पाळल्या गेल्या होत्या. रोग नाही, मूल नाही, बळजबरी नाही. सगळे टेस्ट केस पास. तरी प्रॉडक्शनमध्ये काहीतरी तुटलंच होतं. आपण सॉफ्टवेअरवाले ओळखतो हे. टेस्ट पास झाली म्हणजे बग नाही असं नसतं. कदाचित जे तपासायला हवं होतं त्याची टेस्टच लिहिलेली नसते.

राहिलेली टेस्ट

ती टेस्ट सहाव्या अध्यायाच्या बत्तिसाव्या श्लोकात आहे. भगवान म्हणतात की जो स्वतःवरून दुसऱ्याला ओळखतो, दुसऱ्याचं सुख आणि दुःख आपल्यासारखंच मोजतो, तो योग्यांमध्ये श्रेष्ठ. आसन नाही, प्राणायाम नाही, उपास नाही. श्रेष्ठ योगी ठरवायला एवढं एकच माप.

सातव्या अध्यायातल्या अटीशेजारी हे माप ठेवून बघा. धर्माच्या विरोधात न जाणारा काम म्हणजे कोणता? ज्यात समोरच्याचं सुख-दुःख माझ्यासारखंच मोजलं जातं तो. आणि हे मोजणं सकाळी सहा वाजता संपत नाही. संमती रात्रीची असते. सुख-दुःख दुसऱ्या दिवशीही चालू असतं, दुसऱ्या आठवड्यातही.

इथेच मला वन नाइट स्टँडची खरी अडचण दिसते. त्यात दोन वाईट माणसं असतात असं नाही. अडचण त्या व्यवस्थेत आहे. "उद्या तुझं काय होतं याच्याशी माझा संबंध नाही" हे तिथे आधीच मान्य केलेलं असतं. आणि एखाद्याच्या इतक्या जवळ जाऊन, त्याच वेळी त्याच्या उद्याशी संबंध नाही असं म्हणणं, हे दोन्ही एकत्र करायला मनाला सराव द्यावा लागतो. तो सराव होतोही. पहिल्यांदा कसंतरी होतं, तिसऱ्यांदा होत नाही. मला भीती त्याची वाटते. एकदा बंद स्क्रीनकडे बघत पुढे जायची सवय लागली की ती फक्त कँटीनपुरती राहत नाही. आईचा फोन उचलतानाही ती येते, देवापुढे बसतानाही येते.

लग्न या टेस्टमध्ये बसतं ते म्हणूनच. सही, सनई, सप्तपदी यामुळे नव्हे. तिथे आपण सगळ्यांसमोर सांगतो की तुझा उद्या माझा आहे. आणि म्हणूनच हे माप लग्नाच्या आतही लागतं बरं का! बायकोच्या मनात नसताना हक्क म्हणून जवळ जाणारा नवरा या मापाने नापासच आहे, मंगळसूत्र असो की नसो.

"सगळेच करतात"

हे वाक्य पुण्यात, बंगळुरात, कुठेही ऐकायला मिळतं. २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघितलं तर गेल्या बारा महिन्यांत जोडीदार किंवा सोबत राहणारी व्यक्ती सोडून दुसऱ्या कुणाशी संबंध आल्याचं सांगणारे पुरुष सुमारे ४ टक्के होते, आणि स्त्रिया सुमारे ०.५ टक्के. अशा प्रश्नांना सगळे खरं उत्तर देत नाहीत, हे मान्य. तरीसुद्धा "सगळेच" हा आकडा फार दूर राहिला.

पण मला त्या दोन आकड्यांमधलं अंतर जास्त विचारात पाडतं. चार कुठे आणि अर्धा कुठे. पुरुषाने सांगितलं तर मित्र पाठ थोपटतात. बाईने सांगितलं तर तिचं काय होतं, हे आपल्या गावात कुणाला माहीत नाही? सारखंच केलेल्या दोघांपैकी एकाचं "वय असतं" आणि दुसरीचं "चारित्र्य" असेल, तर ती धर्माची बाजू नाही. तो फक्त पुरुषाच्या सोयीचा हिशोब आहे.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. लग्न ठरायच्या आधी मी आणि आता माझी बायको असलेली मुलगी, घरच्यांच्या परवानगीने देवगडला भेटलो. दत्त मंदिरात दर्शन झालं, मग प्रवरेच्या घाटावर बसलो. मला वाटलं की लपवून सुरुवात नको. सगळं सांगितलं, कँटीनसकट. ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "त्या मुलीला नंतर कधी सॉरी म्हणालास का?"

मी म्हटलं, नाही.

मग तिने दुसरा प्रश्न विचारला. "हेच मी तुला सांगितलं असतं, तर तू आत्ता इथे बसलेला असतास का?"

त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, आणि तेच अडचणीचं होतं. खरं बोलायचं तर मी नसतो बसलो. मी उठून घरी गेलो असतो आणि आईला सांगितलं असतं, "पत्रिका जुळत नाही." हे मी तिला तिथेच सांगितलं. तिने होकार द्यायला तीन आठवडे घेतले. ते तीन आठवडे मी कधी विसरणार नाही, आणि विसरूही नये.

गीता आणि ज्ञानेश्वरीची पारायणं केलेला मुलगा मी. पण स्वतःवरून दुसऱ्याला ओळखायचं म्हणजे काय, हे मला त्या घाटावर कळलं.

मावसभावाला काय सांगितलं

रविवारी त्याला फोन केला. आधी माझी गोष्ट सांगितली. मग तीन गोष्टी.

पहिली, शरीराची. देवाधर्माच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण लाजेपायी आजार अंगावर काढणं हा काही धर्म नाही. कंडोमने एचआयव्हीचा धोका खूप कमी होतो. पण एचपीव्ही किंवा हर्पिससारखे आजार कातडीच्या स्पर्शानेही पसरतात, तिथे पूर्ण खात्री नसते. कंडोम फाटला किंवा वापरलाच नसेल तर एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. मुलीला गर्भधारणेची भीती असेल तर तातडीची गोळीही लवकरात लवकर घ्यायची असते. सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. १०९७ या मोफत हेल्पलाइनवरही विचारता येतं. तपासणी करून घे, आणि काही निघालं तर तिलाही सांग.

दुसरी, मेसेजची. मी म्हटलं, "उत्तर दे. आज दे. प्रेमाचं नाटक करू नकोस, आशा लावू नकोस. पण ती माणूस आहे आणि तूही, एवढं त्या उत्तरातून कळू दे. उशीर झाला त्याबद्दल माफी माग, आणि तुझ्या मनात जे आहे ते सरळ सांग."

तिसरी, पापाची. तो परत परत तेच विचारत होता. मी त्याला नवव्या अध्यायातला तिसावा आणि एकतिसावा श्लोक वाचायला सांगितला. भगवान तिथे म्हणतात की एखादा अगदी दुराचारी असला तरी, तो अनन्य होऊन मला भजू लागला तर त्याला साधूच समजा, कारण त्याने निश्चय योग्य केलाय. तो लवकरच धर्मात्मा होतो, आणि माझा भक्त नाश पावत नाही. यात मागचं पुसलं जाईल असं आश्वासन नाही, नीट बघा. तिथे निश्चयाला किंमत आहे. म्हणजे इथून पुढे तू कुणीकडे तोंड करून चालतोस, त्याला.

"म्हणजे आता परत असं करायचं नाही?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "मला विचारशील तर नको. तू घाण होशील म्हणून नको म्हणत नाही. ज्याच्या उद्याची जबाबदारी घ्यायची तयारी नाही, त्याच्या इतक्या जवळ गेलास तर दोन दिवसांनी तुला फोनच्या बंद स्क्रीनकडे बघावं लागेल, म्हणून. थांबता येतं रे. थांबणं म्हणजे काही मरण नाही. श्लोकाचा पहिला अर्धा भाग आहे ना, हावेपासून मोकळं असलेलं बळ, ते हेच."

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. त्याने तिला उत्तर पाठवलं होतं. तिचं परत उत्तर आलं, "थँक्स. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं."

हे वाक्य मी दहा वेळा वाचलं असेल. चार दिवस ती स्वतःला दोष देत बसली होती. याच्या दोन ओळींनी ते ओझं उतरलं. माझ्या त्या सहकारी मुलीने सहा महिन्यांत काय काय मनात घेतलं असेल, हे मला कधी कळणार नाही. देवगडहून परतल्यावर तिला एक माफीचा मेसेज पाठवला होता. उत्तर आलं नाही. यायलाच हवं असंही नाही.

आजचा अभ्यास

आज रात्री हरिपाठ झाला की पाच मिनिटं शांत बसा. ज्याला किंवा जिला तुम्ही कधी फक्त शरीर म्हणून, सोय म्हणून, किंवा एका रात्रीची करमणूक म्हणून बघितलं असेल, त्या व्यक्तीचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. प्रत्यक्षात असो की मनात, सगळं त्यात आलं. मग तिच्या उद्यासाठी एकदा मनापासून प्रार्थना करा. काही बोलायचं राहिलं असेल, आणि बोलल्याने तिला त्रास होणार नसेल, तर बोला.

आणि ज्यांच्या बाबतीत दुसऱ्या कुणीतरी असा फोन बंद ठेवला असेल, त्यांना एवढंच सांगतो की तुमचं काही चुकलेलं नव्हतं. तुम्ही अख्खे आला होतात.

उद्या बारावा श्लोक.

राम कृष्ण हरी!